आधी जांभूळ, मग ‘व्हियोले’

लहान मुलांना परदेशी भाषा शिकवायची म्हटलं की सुरुवात ठरलेली असते. आधी रंगांची नावं, मग आकारांची, मग एक ते दहा आकडे. इंग्रजीचं असं, तसंच आता फ्रेंचचंही. पूर्वी आपल्याकडे फ्रेंच म्हणजे अकरावी-बारावीला चांगले गुण मिळवून देणारा विषय, एवढीच तिची ओळख होती. आता ती घराघरांतल्या मोबाईलवर आली आहे. तीन-चार वर्षांचं मूल मांडीवर बसून ‘रूज, जोन, ब्ल’ म्हणतं आणि पाहुण्यांसमोर त्याचं कौतुक होतं. कौतुक व्हायलाही हरकत नाही. पण त्याच मुलाच्या हातात एक कोकम, एक पिकलेली सुपारी आणि एक जांभूळ ठेवावं आणि ‘यातलं रूज कोणतं?’ असं विचारावं. पुष्कळदा मूल आपल्या तोंडाकडे पाहत राहतं. शब्द पाठ झालेला असतो, रंग मात्र त्याला चिकटलेला नसतो.

असं का होतं आणि ते होऊ नये म्हणून काय करावं, हे आज समजून घेऊ. उदाहरणं आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरची घेऊ, कारण अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात राहणाऱ्या मुलासाठी रंग-आकारांचं सगळं साहित्य घराबाहेर पडल्या पडल्या हाताशी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रंगांची नावं शिकणं आपल्याला वाटतं तेवढं सोपं नाही. ‘चेंडू’ हा शब्द शिकणं सोपं, कारण चेंडू हातात धरता येतो, फेकता येतो. ‘लाल’ असं काही हातात येत नाही. लाल चेंडू असतो, लाल साडी असते, लाल एस.टी. असते, पण नुसतं लाल कुठेच नसतं. चेंडू, साडी आणि एस.टी. या तीन अगदी वेगळ्या वस्तूंमधून मुलाला एकच गुण निवडून काढायचा असतो. चार्ल्स डार्विन हा केवढा मोठा निरीक्षक! त्याची स्वतःची मुलं रोजच्या वस्तूंची नावं नीट सांगत, पण रंगांच्या नावांत गोंधळ घालत. मुलं रंगांधळी तर नाहीत ना, अशी शंका त्यालाही आली होती. ती तशी नव्हती. म्हणून तीन वर्षांच्या मुलानं हिरव्याला निळा म्हटलं तर रागावू नये. मात्र पाच-सहा वर्षांनंतरही लाल आणि हिरव्यात सतत गल्लत होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर दाखवावं. हा दोष जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त आढळतो.

आता यात फ्रेंच भाषेचा एक छान उपयोग होतो. मराठीत आपण ‘लाल चेंडू’ म्हणतो, इंग्रजीतही रंग आधी आणि वस्तू नंतर. फ्रेंचमध्ये उलट आहे. तिथे चेंडू आधी, लाल नंतर : ‘ल बालों रूज’. हा फरक वरवरचा वाटतो, पण मुलासाठी तो महत्त्वाचा आहे. २०१० साली मायकेल रॅमस्कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘लाल चेंडू’ या धर्तीवर शिकवलेल्या मुलांपेक्षा ‘चेंडू लाल आहे’ या धर्तीवर शिकवलेली मुलं रंग अधिक चांगले शिकली. कारण समजायला सोपं आहे. वस्तूचं नाव आधी ऐकलं की मुलाची नजर वस्तूवर जाते. मग रंगाचा शब्द आला की वस्तूतला तो गुण शोधायला ते मोकळं असतं. हे मराठीतही करता येतं. ‘हा बघ पिवळा आंबा’ म्हणण्याऐवजी ‘हा आंबा बघ. आंबा पिवळा आहे’ असं म्हणायचं. फ्रेंच आपल्याला ही सवय आपोआप लावते.

‘ल बालों रूज’ नावाचा एक फ्रेंच चित्रपटही आहे. आल्बेर लामोरिस यांनी तो १९५६ साली काढला. पॅरिसमधला एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा, एवढीच त्यातली गोष्ट. लांबी अवघी ३४ मिनिटं आणि संवाद जवळजवळ नाहीतच. सगळं शहर राखाडी आणि त्यात एकच लाल ठिपका! ‘रूज’ म्हणजे काय, हे मुलाला न सांगता कळतं.

शिकवण्याच्या पद्धतीकडे वळू. या पद्धतीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे आणि तो पॅरिसमध्ये सुरू होऊन आपल्या कोकणपट्टीपर्यंत येऊन पोचतो. १८०० साली दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात जंगलात एकटा वाढलेला एक मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हतं. त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत आणलं गेलं आणि झां इतार नावाच्या तरुण डॉक्टरनं त्याला शिकवायला घेतलं. मुलाचं नाव ठेवलं व्हिक्टर. इतारनं एका फळीवर तीन रंगीत कागद चिकटवले : लाल वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन. त्याच आकारांचे आणि रंगांचे पुठ्ठे व्हिक्टरच्या हाती दिले. ते त्यानं त्या त्या आकारावर टांगायचे. व्हिक्टरला ते जमलं. पण इतार तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं फळी उलटी करून पाहिली; मुलगा जागा लक्षात ठेवतोय की खरोखर आकार पाहतोय, हे त्याला ताडून बघायचं होतं. नंतर त्यानं तेच तीन आकार एकाच रंगात दिले. म्हणजे आता रंगाचा आधार गेला आणि फक्त आकार उरला. पुढे आकार एकच ठेवून रंग बदलले. ही चढण फार वाढवत नेली तेव्हा मात्र व्हिक्टर चिडून पुठ्ठे भिरकावून देऊ लागला. तिथे शिक्षकालाही धडा मिळाला.

इतारचा वारसा एदुआर सेगें या डॉक्टरनं पुढे नेला. मतिमंद मुलांना शिकवण्यासाठी त्यानं हातानं हाताळायची साधनं तयार केली. या दोघांची पुस्तकं इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी अभ्यासली आणि त्यातून त्यांची जगप्रसिद्ध पद्धत उभी राहिली. लाकडी पाटीतल्या खोबणीत गोल, चौकोन, त्रिकोण बसवण्याचा जो खेळ आज आपल्या बालवाडीत दिसतो, त्याचं मूळ हे असं फ्रेंच आहे. भारतात भावनगरला गिजुभाई बधेका यांनी हे काम सुरू केलं. तिथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी काढली आणि पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधनं गरीब वस्तीत परवडणार कशी? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंची साधनं केली. रंग-आकार शिकवायला दुकानात जावं लागत नाही, हे या दोघींनी आपल्याच किनाऱ्यावर दाखवून दिलं आहे.

सेगेंच्या नावानं ओळखला जाणारा तीन पायऱ्यांचा पाठ तर घरच्या घरी कुणालाही घेता येईल. पहिली पायरी नाव सांगण्याची. दोनच वस्तू घ्यायच्या, एक कोकमाचं लाल फळ आणि एक पिवळा आंबा. एकाला हात लावून म्हणायचं ‘से रूज’, म्हणजे ‘हे लाल आहे’. दुसऱ्याला हात लावून ‘से जोन’, म्हणजे ‘हे पिवळं आहे’. बाकी काही बोलायचं नाही. दुसरी पायरी ओळखण्याची. ‘दॉन मुआ ल रूज’, म्हणजे ‘मला लाल दे’. मूल वस्तू उचलून देतं. इथे त्याला बोलावं लागत नाही, फक्त समजावं लागतं, आणि बहुतेक वेळ याच पायरीवर घालवायचा. तिसरी पायरी विचारण्याची. वस्तूवर बोट ठेवून ‘केस क से?’, म्हणजे ‘हे काय आहे?’ आपण घाईघाईनं तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो. ‘सांग पाहू हा कुठला रंग!’ असं म्हणून परीक्षा घेतो. मुलाला उत्तर आलं नाही तर रागावू नये, गुपचूप पहिल्या पायरीवर परत यावं आणि खेळ दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावा.

आता कुठले रंग आधी घ्यायचे? फ्रेंचमध्ये वस्तूच्या लिंगाप्रमाणे रंगाचा शब्द बदलतो, असं ऐकलं की पालक घाबरतात. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला ते जड जातंच, कारण इंग्रजीत तसं काही नाही. मराठी मुलाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. पांढरा कांदा, पांढरी होडी, पांढरं मीठ हे तो कुणी न शिकवता बोलतो. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, फ्रेंचमध्ये दोनच. आपल्याकडे काळा, निळा, हिरवा हे बदलतात, पण लाल, गुलाबी, राखाडी बदलत नाहीत. फ्रेंचमध्येही असेच दोन गट आहेत. लाल म्हणजे रूज, पिवळा म्हणजे जोन, गुलाबी म्हणजे रोझ, निळा म्हणजे ब्ल, काळा म्हणजे नुआर, नारिंगी म्हणजे ओरांज आणि तपकिरी म्हणजे मारों. लिहिताना यातल्या काहींत फरक पडतो, पण वस्तू पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, कानाला हे सातही शब्द सारखेच ऐकू येतात. लहान मूल लिहीत नाही, ऐकतं. म्हणून सुरुवात या सातांपासून करावी.

त्यानंतर बदलणारे रंग घ्यावेत. हिरवा म्हणजे ‘व्हेर’, हिरवी म्हणजे ‘व्हेर्त’. राखाडी ‘ग्री’, स्त्रीलिंगी ‘ग्रीझ’. पांढरा ‘ब्लां’, पांढरी ‘ब्लांश’. जांभळा ‘व्हियोले’, जांभळी ‘व्हियोलेत’. पुल्लिंगात शेवटचं व्यंजन झोपलेलं असतं आणि स्त्रीलिंगात ते जागं होतं, असं मुलांना सांगितलं तर त्यांना मजा वाटते. मात्र वस्तूंची लिंगं दोन्ही भाषांत जुळतीलच असं नाही. चांदणी आपल्याकडे स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्येही ‘एतुआल’ स्त्रीलिंगी. मासा इकडे पुल्लिंगी, तिकडे ‘पुआसों’ही पुल्लिंगी. पण आपली होडी तिकडे ‘बातो’ या नावानं पुल्लिंगी होते आणि आपला समुद्र ‘मेर’ होऊन स्त्रीलिंगी होतो. चंद्राचं तर ‘ल्यून’ बाई होऊन जातं! म्हणून शब्द एकटा शिकवू नये. पुल्लिंगी शब्दामागे येणारं ‘ल’ आणि स्त्रीलिंगी शब्दामागचं ‘ला’ त्याच्याबरोबरच शिकवावं : ल बातो ब्लां, पांढरी होडी, ला मेर ग्रीझ, पावसाळ्यातला राखाडी समुद्र.

उच्चारांच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याला एक देणगीच आहे. कोकणातली माणसं नाकात बोलतात म्हणून त्यांची थट्टा होते. घाटावर हरवलेले अनुनासिक स्वर कोकणच्या बोलींत अजून ऐकू येतात. फ्रेंचमध्ये ब्लां, मारों, ओरांज, रों या साऱ्यांत हाच नाकातला स्वर लागतो. ज्या आजीच्या बोलण्याला नातवंडं हसतात, तिच्याच तोंडी हे शब्द चटकन बसतील. ‘रूज’ आणि ‘जोन’ यांतला ज मात्र आपला नाही. ‘श’ म्हणता म्हणता कंठातून आवाज काढला की तो साधतो.

आकारांसाठी तर किनारा म्हणजे उघडं पुस्तक आहे. तव्यावरची तांदळाची भाकरी गोल, म्हणजे ‘रों’. उरण-पेणच्या मिठागरांचे वाफे चौकोनी. चौरसाला फ्रेंचमध्ये ‘कारे’ म्हणतात आणि लांबट चौकोनाला ‘रेक्तांग्ल’. नारळी पौर्णिमेला होड्यांवर लागणारी त्रिकोणी निशाणं म्हणजे ‘त्रियांग्ल’. ताणलेल्या जाळ्याचं एकेक भोक शंकरपाळ्याच्या आकाराचं दिसतं, तो ‘लोझांज’. अंडं ‘ओव्हाल’. ओहोटीच्या वेळी खडकांत तारामासा सापडला तर ‘एतुआल’ शोधायला आकाशात बघावं लागत नाही. वाळूवर काठीनं मोठं वर्तुळ काढावं, मुलानं त्या रेघेवरून चालत जावं आणि चालता चालता ‘रों, रों’ म्हणावं. पायांनी शिकलेला आकार डोळ्यांनी शिकलेल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो, हा बालवाडीच्या शिक्षकांचा अनुभव आहे. एक पथ्य मात्र इतारकडून घ्यावं. एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. आकार शिकवताना सगळे आकार एकाच रंगाचे असावेत आणि रंग शिकवताना वस्तू एकाच आकाराच्या असाव्यात. लाल वर्तुळ आणि निळा चौकोन समोर ठेवून ‘रूज’ म्हटलं तर ते रंगाचं नाव आहे की आकाराचं, हे मुलानं ओळखायचं कसं?

थोड्या मोठ्या मुलांना शब्दांची नातीही सांगता येतील. ‘त्रियांग्ल’मधलं ‘त्रि’ आणि आपल्या त्रिकोणातलं ‘त्रि’ एकाच मूळच्या शब्दातून आलेलं आहे. चारला फ्रेंचमध्ये ‘कात्र’ म्हणतात आणि चौरसाला ‘कारे’. दोन्ही लॅटिनमधल्या चारच्या शब्दावरून आले आणि तो शब्द संस्कृत ‘चत्वारः’चा सख्खा भाऊबंद आहे. नारिंगीची कथा तर आणखी मजेची. संस्कृतातलं ‘नारंग’ फारसीत गेलं, तिथून अरबीत, मग भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात, आणि फ्रान्समध्ये त्याचं ‘ओरांज’ झालं. म्हणजे फ्रेंचांचा हा रंग आपल्याकडूनच गेलेला आहे. आधी फळ गेलं, मागून रंग गेला. फ्रेंच मुलाचा तपकिरी रंग ‘मारों’ हा चेस्टनट फळावरून आला, जांभळा ‘व्हियोले’ एका फुलावरून आला. आपला जांभळा जांभळावरून, विटकरी विटेवरून, पोपटी पोपटावरून, डाळिंबी डाळिंबावरून. रंगांना नावं वस्तूंवरूनच मिळतात, हे दोन्ही भाषांत सारखं आहे. मग आपण शिकवताना वस्तू सोडून तक्त्यावरच्या ठिपक्यांकडे का वळावं?

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, त्या मुद्द्याकडे येतो. आज आपल्याकडे फ्रेंच शिकवलं जातं ते बहुधा इंग्रजीच्या मार्फत. ‘रूज म्हणजे रेड, व्हियोले म्हणजे पर्पल’ असं. त्यात मराठी शब्द वाटेतच गळून पडतो. अंगणात जांभळाचा सडा पडलेला असताना मूल त्याला ‘पर्पल’ म्हणतं. आमसुली, अबोली, मोरपंखी, शेवाळी, राखाडी हे शब्द त्याच्या कानावर पडतच नाहीत. मराठीतला रंग पक्का नाही, इंग्रजीतला अर्धवट आणि फ्रेंचमधला पाठ केलेला, अशी त्याची अवस्था होते. एक भाषा पक्की असलेल्या मुलाला दुसरी भाषा म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीचं नवं नाव. पहिलीच पक्की नसेल तर दोन्ही नावं अधांतरी राहतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय काढला आणि मोठ्या विरोधानंतर २९ जूनला तो मागे घेतला. त्या वादात पुष्कळ राजकारण होतं, पण लहान वयात किती भाषा आणि कशा, हा त्यातला प्रश्न खराच होता. तो फ्रेंचलाही लागू आहे.

भाषा टिकते कशी, हे पाहायचं असेल तर रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जावं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली आजही बोलली जाते. तिला ते लोक ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगीज ही फ्रेंचची बहीणच, दोघीही लॅटिनच्या लेकी. चौल आणि कोर्लई १७४० साली मराठ्यांकडे गेले, पोर्तुगीज सत्ता संपली, पण बोली राहिली. मराठीच्या शेजारानं ती इतकी बदलली की तिच्या वाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं. बोलणारे आज हजाराच्या आत असतील. या बोलीसाठी वर्ग, तक्ते, बालगीतांच्या चकत्या काही नव्हतं. पावणेतीनशेहून अधिक वर्षं ती टिकली ती घरातल्या बोलण्यावर, आई मुलाशी जे बोलली त्यावर. आणि तीच मुलं शाळेत आणि बाजारात मराठीही उत्तम बोलतात. दोन भाषा एकमेकींना मारत नाहीत. वापर थांबला की मात्र कुठलीही भाषा मरते.

म्हणून घरच्यांनी एवढंच करावं. नवा रंग आधी मराठीत, खऱ्या वस्तूवर, दोन-चार दिवस बोलण्यात येऊ द्यावा. मग त्याच वस्तूवर फ्रेंच शब्द ठेवावा, इंग्रजीची मधली पायरी न घेता. दिवसाला पाच-दहा मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत. एका आठवड्यात दोनच रंग आणि एकच आकार. मूल कंटाळलं की खेळ मोडावा. फ्रान्समधल्या बालवाड्यांत मुलं कागदावर रंगीत गोल, चौकोन, त्रिकोण चिकटवतात. आपण वाळूवर शिंपले, करवंदं, सुपाऱ्या आणि झावळ्यांचे तुकडे मांडावेत. मूल आपण होऊन एखादं जांभूळ उचलून म्हणेल, ‘हे जांभळं. से व्हियोले.’ त्या दिवशी दोन्ही भाषा त्याच्या झाल्या असं समजावं.